पहिल्या बल्बने काय खाल्लं?

दोन सारखे बल्ब एकामागोमाग एक जोडले, तर कुठला जास्त उजळ पेटेल? हा प्रश्न मी हल्ली भेटेल त्याला विचारतो. घरी आलेल्या पाहुण्यांना, ऑफिसात डबा खाताना शेजारच्याला. चांगली शिकलेली माणसंही क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, "सेलच्या जवळचा." का, तर करंट आधी त्याच्याकडे जाणार, तो आपला वाटा काढून घेणार आणि उरेल ते दुसऱ्याला मिळणार.

प्रश्न मुळात माझ्या मुलीचा. तिला शाळेच्या प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं होतं, म्हणून पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून दोन मोठ्या सेलचं होल्डर, अडीच व्होल्टचे आट्याचे बल्ब, क्लिपा आणि एक स्वस्तातला मल्टिमीटर आणला होता. "पहिला बल्ब जास्त खाणार ना, बाबा?" असं तिने जोडायच्या आधीच विचारून ठेवलं होतं. जोडले, तर दोन्ही सारखेच मिणमिणले. तिने बल्बांची अदलाबदल केली, सेल उलटे घातले. जोड्यातला कुठलाच बल्ब पहिलेपणाचा मान घेईना. मग मीटर आधी पहिल्या बल्बच्या अलीकडे, मग दोघांच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पलीकडे असा घालून पाहिला. तिन्ही ठिकाणी आकडा तोच.

आणि खरं तर 'पहिला' म्हणायचं तरी कुणाला? पुस्तकातला बाण धन टोकाकडून निघतो, कारण बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकाच्या मध्यावर धन आणि ऋण अशी नावं दिली तेव्हा तारेतून नक्की काय सरकतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, आणि तो निघाला ऋणभारित. म्हणजे वायरीत तो बाणाच्या उलट दिशेने जातो. आपण ज्याला पहिला बल्ब म्हणतो, तो इलेक्ट्रॉनच्या लेखी दुसरा. जवळच्याने जास्त खायचं असतं, तर निदान या दोघांपैकी एकाची तरी बाजू खरी ठरायला हवी होती.

गोम अशी की करंट खर्च होतच नाही. आपण सर्रास म्हणतो की अमुक यंत्र फार करंट खातं. पण वीजबिलात जी युनिटं लागतात ती करंटची नसतात, ऊर्जेची असतात. ऊर्जा खर्च होते, दिव्यातून उजेड आणि उष्णता होऊन निघून जाते. करंट मात्र जेवढा सेलच्या एका टोकातून निघतो तेवढाच दुसऱ्या टोकात परत येतो, तसूभरही कमी नाही. ही दोन वेगळी खाती आहेत आणि आपण ती एकाच वहीत लिहितो. निम्मा गोंधळ तिथेच होतो.

मुलीला मी सायकल दाखवली. पायडल मारलं की चेन फिरते, चेनबरोबर मागचं चाक फिरतं. चाक फिरलं म्हणून चेनच्या कड्या काही कमी होत नाहीत. पुढून खालच्या बाजूने जेवढ्या कड्या गेल्या तेवढ्याच वरून परत येतात. झिजते ती पायातली ताकद. आणि मागचा ब्रेक दाबला, तर पायाला त्याच क्षणी कळतं. एखादी कडी मागून पुढे निरोप घेऊन येईपर्यंत कुणी थांबत नाही. तिला हे पटकन पटलं, कारण चेन पडल्यावर काळे हात करून ती बसवायचं काम तिच्याकडेच असतं.

चेनची आणखी एक गोष्ट मला आवडते, ती म्हणजे चेन आधीपासून पूर्ण भरलेली असते. वायरही तशीच. सेल काही रिकाम्या नळीत इलेक्ट्रॉन ओतत नाही. तांब्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात ८५ वर १८ शून्यं एवढे. ते आधीपासून तिथे आहेत, सेल लावला काय नि न लावला काय. आणि ते स्वस्थ बसलेलेही नसतात, सेकंदाला दीड हजार किलोमीटरच्या वर वेगाने भरकटत असतात. पण कुणी इकडे, कुणी तिकडे, त्यामुळे गोळाबेरीज शून्य. सेल जोडला की या सैरावैरा धावण्यात एका दिशेचा किंचितसा कल येतो. तेवढाच आपला करंट.

तो कल किती किंचित? हिशोब सोपा आहे. टॉर्चच्या बल्बमधून ०.३ अँपिअर जातो असं धरा. म्हणजे वायरीच्या कुठल्याही जागी सेकंदाला साधारण १९ वर १७ शून्यं एवढे इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. आकडा अवाढव्य वाटतो, पण वायरीत भरलेले त्याहून कितीतरी जास्त. एक चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर सगळा जमाव मिळून पुढे सरकतो तो सेकंदाला मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. तासाला आठ सेंटिमीटर. संध्याकाळी सातला बटण दाबलं, तर सेलच्या टोकाशी असलेल्या इलेक्ट्रॉनला हातभर नाही, फक्त ३० सेंटिमीटर लांब असलेल्या बल्बपाशी पोहोचायला पावणेअकरा वाजतील. बल्बमध्ये पेटताना जे इलेक्ट्रॉन कामाला येतात ते बल्बच्या तारेतलेच, घरचेच. तिथे मात्र त्यांना जोरात पळावं लागतं. ती तार केसाहून बारीक, आणि तेवढाच करंट तेवढ्याशा जागेतून न्यायचा म्हटल्यावर वेग वाढण्यावाचून गत्यंतर नसतं.

मग बल्ब लगेच कसा पेटतो? इथे बऱ्याच जणांचा दुसरा समज आडवा येतो, आणि मला हा भाग सगळ्यात गमतीचा वाटतो. बटण बंद असताना सर्किट कुठेतरी तुटलेलं असतं. तुटलेल्या जागेच्या एका बाजूची वायर सेलच्या धन टोकाच्या पातळीला असते, दुसऱ्या बाजूची ऋण टोकाच्या. बटण दाबलं की ही दोन टोकं भिडतात, आणि खळबळ सुरू होते ती तिथे, बटणापाशी. सेलपाशी नव्हे. ती दोन्ही अंगांनी पसरते, जवळपास प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीस-तीस सेंटिमीटर. त्या पहिल्या क्षणी वायरीतल्या करंटला पुढे एक बल्ब आहे की दोन, याचा पत्ताच नसतो. खळबळ बल्बपाशी जाते, थोडी परत फिरते, सेलपाशी आपटते, पुन्हा येते. वायरींच्या पृष्ठभागावर विद्युतभाराचा अगदी विरळ थर कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी असा मांडला जातो. वायर वळते तिथे करंटही निमूट वळतो तो या थरामुळे. अशा काही येरझाऱ्या झाल्या की सगळ्या सर्किटचा एकच आकडा ठरतो. दोन बल्बांच्या मध्ये आणि बाहेर मीटरने जो सारखाच आकडा दाखवला, तो या वाटाघाटी उरकल्यानंतरचा.

सायकलची उपमा इथे सोडून द्यावी लागते. पायातली ताकद चाकापर्यंत चेनमधूनच जाते. सर्किटमध्ये ऊर्जा तांब्याच्या आतून वाहत नाही. ती जाते वायरींच्या भोवतालच्या मोकळ्या जागेतल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून. जॉन हेन्री पॉइंटिंगने १८८४ मध्ये हे गणिताने दाखवलं. वायर फक्त वाट दाखवते. हे मी मुलीला सांगितलं नाही. काही गोष्टींना वय लागतं, आणि मला स्वतःला तरी ते वाचून माहीत आहे, आतून कळलंय असं म्हणवत नाही.

करंट संपत नाही तर मग सेल संपतो म्हणजे काय संपतं? हे बघायचं तर सेल फोडावा लागतो. साधा जस्त-कार्बनचा मोठा सेल पक्कडीने सोलायला घेतला की आधी वरचा छापील पत्रा निघतो. त्याच्या आत जस्ताचं डबडं. हे डबडं म्हणजे निव्वळ भांडं नाही, तेच ऋण टोक आणि तेच इंधन. आत कागदाचं अस्तर, मग मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची ओलसर काळी पूड, आणि मधोमध पितळी टोपीची कार्बनची कांडी. गावच्या शाळेत फळा काळा करायला आम्ही हीच पूड वापरायचो, आणि कांडी खिशात जायची, फरशीवर रेघोट्या मारायला. नव्या सेलचं डबडं आतून गुळगुळीत असतं. वापरलेल्याचं डबडं खडबडीत, कुठे कागदासारखं पातळ झालेलं, कुठे आरपार भोक. जस्ताचा एकेक अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून लगद्यात विरघळून गेलेला असतो. तासभर ०.३ अँपिअरने टॉर्च लावली, तर प्रत्येक सेलमधलं साधारण ०.३७ ग्रॅम जस्त जातं. बिल फाडलं जातं ते इथे. इलेक्ट्रॉन सगळे परत येतात, जस्त येत नाही.

फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेने १८६६ मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडची ही जोडी जमवली, पण त्याचा सेल काचेच्या बरणीत पातळ द्रावण भरलेला, उलटा केला की सांडणारा. १८८६ मध्ये जर्मनीच्या कार्ल गासनरने द्रावणाचा लगदा केला आणि जस्ताचंच डबडं केलं, तेव्हा कुठे सेल हातात धरून रानात न्यायच्या लायकीचा झाला.

रानात न्यायच्या म्हणजे अगदी आमच्या रानात. आमचं गाव कृष्णाकाठचं, ऊसवाल्यांचं. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात आप्पा जेवून खांद्यावर खोरं टाकून, तीन सेलची बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जायचे. उसाच्या सरीत साप असला तर तो बॅटरीच्या उजेडातच दिसणार, त्यामुळे सेल हा आमच्या घरात चेष्टेचा विषय नव्हता. उजेड पिवळा पडला की दुसऱ्या दिवशी तिन्ही सेल कौलांवर उन्हात. संध्याकाळी उतरवून घातले की बॅटरी पुन्हा उजळ. तासाभरापुरतीच, पण उजळ. "आरं, ऊन खाल्लं की सेलात जीव येतोय," असं आप्पा म्हणायचे, आणि शहरात शिकायला गेल्यावर मला ती निव्वळ समजूत वाटायला लागली होती.

आता मीटर हाताशी आहे म्हणून बघितलं. टॉर्चमधून काढून टाकलेल्या सेलवर मीटर लावा, १.३ व्होल्ट दाखवतो. नव्याला दीडच्या थोडं वर. म्हणजे मीटरच्या मते सेल अजून चांगला आहे. तोच सेल बल्बला लावा, बल्ब डोळाही उघडत नाही. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. सेलच्या स्वतःच्या पोटातही रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, असतो. करंटला सेलच्या आतूनही जावंच लागतं, सर्किट म्हणजे पूर्ण वळसा, आणि सेलचं पोट त्या वळशाचाच भाग. सेल जुना होतो तसा लगदा सुकतो, वापरलेला माल आत साचतो, आणि हा आतला रोध वाढतो. समजा तो पाच ओहम झाला. बल्बला हवा असलेला ०.३ अँपिअर त्यातून न्यायला आतल्या आतच दीड व्होल्ट लागतील, आणि सेलकडे आहेत १.३. बाहेर काय देणार, कप्पाळ? मीटर मात्र करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून त्याला पूर्ण १.३ दिसतात. भिंतीवरचं घड्याळही असंच अल्पाहारी, मिलिअँपिअरच्या आतलं. टॉर्चमध्ये मेलेला त्याच मापाचा सेल घड्याळात कित्येक महिने चालतो तो यामुळे. मराठी घरातून कुठलाही सेल थेट कचऱ्यात जात नाही, आधी घड्याळात नाहीतर रिमोटमध्ये जाऊन येतो. हे काटकसरीतून आलेलं असलं, तरी शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे.

आणि ऊन? सेल तापला की आतली रासायनिक घडामोड आणि आयनांची ये-जा दोन्ही वेगाने होतात, पोटातला रोध कमी होतो. त्यात दिवसभराचा आराम. सतत वापरात कार्बनच्या कांडीभोवतीच्या पुडीत जो माल साचतो, त्याला पांगायला वेळ मिळतो. म्हणून तासाभराचा जीव. गेलेलं जस्त उन्हाने येत नाही, म्हणून तासाभराचाच. आप्पांनी पाहिलेलं बरोबर होतं, कारण सांगायची त्यांना गरज पडली नव्हती.

या पोटातल्या रोधाने मोठमोठ्यांना छळलं आहे. इटलीच्या व्होल्टाने आपली धातूच्या चकत्यांची चळत, म्हणजे सेलचा मूळ पुरुष, जाहीर केली १८०० मध्ये. त्यानंतर पंचवीस वर्षांनी जर्मनीत कोलोनच्या एका शाळेतले गणिताचे मास्तर, गेऑर्ग ओहम, वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून करंट किती जातो ते मोजत बसले होते. त्यांचे सेल मोजता मोजताच ढेपाळायचे. सकाळचा आकडा दुपारी जुळेना, आणि १८२५ मध्ये त्यांनी जे सूत्र छापलं तेही त्यामुळे फसलं. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं की सेल सोडा, दोन धातूंचा जोड घ्या. बिस्मथ आणि तांबं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानाच्या या फरकातूनच व्होल्टेज मिळतं. पाणी काही दुपारी थकून कमी तापमानाला उकळत नाही. व्होल्टेज स्थिर झालं आणि १८२६ मध्ये आकडे ओळीत आले.

शाळेत आपण ओहमचा नियम पाठ करतो तो व्होल्टेज भागिले रोध असा. ओहमनी आकड्यांतून काढलेलं सूत्र थोडं वेगळं होतं. करंटचा चुंबकीय परिणाम बरोबर 'अ' भागिले 'ब अधिक क्ष'. यातला क्ष म्हणजे तपासायच्या तारेची लांबी, अ ठरतो तापमानाच्या फरकावरून, आणि ब म्हणजे बाकी सगळ्या सर्किटचा रोध, ज्यात विजेच्या उगमाचं पोटही आलं. म्हणजे कौलांवर वाळत घातलेल्या सेलांचं सगळं दुखणं मूळ सूत्रात नीट बसलेलं आहे, ते ब मध्ये आहे. पाठ्यपुस्तकाने सोपं करताना नेमका तोच गाळला. मला हे फार खटकतं. ब काढून टाकला की सेल म्हणजे कधी न बदलणारं व्होल्टेज देणारी जादूची डबी होते, आणि मग मुलांना वाटतं की किती करंट जायचा हे सेल ठरवतो. ते सेल एकटा कधीच ठरवत नाही. सेल, वायर, बल्ब, बटणाचा गंजलेला पत्रा, सगळे मिळून ठरवतात.

ओहमचं पुस्तक १८२७ मध्ये आलं तेव्हा त्यांच्याच देशात त्याचं फार थंडं स्वागत झालं आणि त्यांनी नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

गंमत म्हणजे ज्या बल्बवर आपण हा नियम शिकवतो, तोच नियमाला धड जुमानत नाही. आमच्या टेबलावर एक बल्ब ०.२८ अँपिअर घेत होता. दोन ओळीने लावले की रोध दुप्पट, म्हणजे करंट निम्मा, ०.१४ यायला हवा. आला ०.२ च्या आसपास. मुलीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी लपवतोय. कारण टंगस्टनच्या तारेत आहे. ती तापते तसा तिचा रोध वाढतो. थंड बल्बवर मीटर लावला तर जेमतेम एक ओहम, पेटलेल्याचा हिशोब केला तर नऊ. दोन बल्बांत व्होल्टेज वाटलं गेलं की दोघांच्या तारा कमी तापतात, त्यांचा रोध उतरतो, आणि करंट अपेक्षेपेक्षा जास्त जातो. बल्ब उडतो तो बहुतेक वेळा बटण दाबतानाच, तेही यामुळेच. थंड तारेतून पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट घुसतो, आणि तार कुठे झिजलेली असेल तर तिथे तुटते.

शेजारी-शेजारी, म्हणजे प्रत्येक बल्ब थेट सेलच्या दोन्ही टोकांना, जोडले तर दोन्ही बल्ब झगझगीत, जवळजवळ एकट्यासारखेच. जवळजवळ, कारण आता सेलच्या पोटातून दुप्पटीच्या आसपास करंट जातो आणि ब आपला हप्ता वाढवतो. प्रदर्शनात बघणाऱ्यांना हीच जोडणी आवडली. सेल कुणी विकत आणले हे विचारायला कुणी आलं नाही.

गावी गेलो तेव्हा आप्पांच्या बॅटरीत एक सेल नवा आणि दोन जुने निघाले. ही त्यांची पूर्वापार पद्धत, सगळ्यात मेलेला काढायचा आणि एकच नवा घालायचा. मी त्यांना समजावत बसलो. तिन्ही सेल एका ओळीत आहेत, तिघांतून करंट एकच जाणार. नवा सेल जोर लावतो, आणि जुन्याला झेपत नसताना त्याच्यातूनही तेवढाच करंट ढकलला जातो. जुन्याचा आतला रोध मधल्या मधे व्होल्टेज गिळतो. फारच संपलेला असेल तर तो चक्क उलटा होतो, उजेडाला मदत करायची सोडून विरोधात उभा राहतो. त्याचं जस्ताचं डबडं आधीच पातळ, त्याला भोक पडतं, लगदा बाहेर येतो आणि स्प्रिंगवर तो पांढरा-हिरवा खरपुडा धरतो. मग नवा सेलही खराब आणि बॅटरीही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. झाकण उघडून स्प्रिंग बघितली, नखाने खरपुडा खरवडला.

"मग तिन्ही नवं आण," ते म्हणाले. "पैसं तुझं."